देवरामची साक्ष

या, जरा जवळ सरकून बसा. आज एक गोष्ट सांगते. हरिकथेला बसता तसं मन लावून ऐका, कारण यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या सख्ख्या भावावर गुदरलेली.

साल १९८८. नाशिक, सातपूर. शनिवारची दुपार...

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

शनिवारी कारखान्यांना सुट्टी, सगळीकडे चिडीचूप. माझा धाकटा भाऊ गोरक्ष मात्र कामावर गेला होता. कॉम्प्युटरवर होता तो. अजून कायम झाला नव्हता.

पगार, माल, हिशेब... सगळा कारखाना एकाच प्रोग्रामवर चालायचा. त्याची माहिती साठवणारा डेटाबेस सर्व्हर आतल्या बंद खोलीत. त्या दिवशी त्यावर नव्या प्रोग्रामची टेप चढवायची होती. ताकीद अशी की सर्व्हरचं व्हर्जन पाच असेल तरच चढवा. चार असलं तर सगळी माहिती जाईल.

आणि गोरक्षची नोकरीही.

प्रोग्राम उघडला की पहिल्याच पडद्यावर यायचं, 'व्हर्जन पाच'. साहेब म्हणाले होते, "दिसतंय ना समोर? मग विचारतोस काय? चढव."

तरी त्याचा हात धजेना. सर्व्हरलाच विचारून खात्री करणारा एकच माणूस होता, देवराम. गोरक्षचा जिवाभावाचा दोस्त. घोटीहून मोटरसायकलवर यायचा. अजून पत्ता नव्हता.

शेवटी गोरक्षने टेप उचलली...

आणि इंटरकॉम वाजला.

आतल्या खोलीतून.

"गोऱ्या, ठेव ती टेप खाली."

"देवा! लेका, कधी आलास? मी इथं घाम पुसतोय."

"पूस. दुसरं काय जमतंय तुला?" देवराम हसला. मग म्हणाला, "सर्व्हर चारच हाय. पडद्यावरचा पाच मी माझ्या हातानं टाइप केलाय. मुंबईचे पाहुणे यायचे होते ना, त्यांना सगळं नवं दिसावं म्हणून साहेबानंच करायला लावला. पडदा सर्व्हरला कुठं विचारतो, गड्या? आपण लिहू तेच दाखवतो."

"बरं, बाहेर ये. चहा घेऊ."

गोरक्षने फोन ठेवला...

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्या खोलीत एसीची घरघर एवढी, की फोनवर ओरडून बोलावं लागायचं. आज देवरामच्या आवाजामागे काहीच नव्हतं.

श्वाससुद्धा नाही.

तो दाराशी गेला. चपला बाहेर काढूनच आत जायची पद्धत. चपलांची मांडणी रिकामी...

दाराला बाहेरून कुलूप.

वॉचमन सहादू आला. "सकाळधरनं कोणीच नाय आलं, भाऊ. चावी माझ्याच कमरेला हाय."

दार उघडलं. यंत्राचे दिवे लुकलुकत होते. एसी घरघरत होता. खुर्ची रिकामी.

संध्याकाळी निरोप आला. घोटीहून कामावर येताना देवरामला वाटेत वाडीवऱ्ह्याजवळ ट्रकने उडवलं होतं. जागीच गेला.

सकाळीच...

गोरक्षने टेप चढवली नव्हतीच. सोमवारी बाहेरून इंजिनियर आला. त्याने सर्व्हर तपासला. व्हर्जन चार.

"मग हा पाच कोणी लिहिला?"

साहेब शांतपणे म्हणाले, "देवरामने. परस्पर. मला काय माहीत?"

गोरक्ष उसळला. "साहेब, तुम्हीच करायला लावला ना!"

"कोण म्हणतं?"

"देवराम."

"कधी म्हणाला?"



गोरक्ष काय सांगणार? शनिवारी दुपारी?

तरी त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. साहेब हसले. "दोस्त गेलाय, धक्का बसलाय तुला. घरी जा, झोप काढ."

ठपका देवरामवर बसला. त्याची बायको मैना त्याचं सामान न्यायला आली, तर फाटकावरच तिला ऐकवलं, "तुझा नवरा कारखाना बुडवायला निघाला होता."

गोरक्ष पुढे कायम झाला. साहेबांना बढती मिळाली.

देवाच्या दारी खऱ्याची दखल घेतली जाते, असं कीर्तनात ऐकत आले. मानतेही. पण सातपूरला ती कुणी घेतली नाही.

तो फोन आला कसा, मला नाही कळत. दोस्ताची नोकरी वाचवायला मेल्यावरही धावून आला तो... मग स्वतःच्या नावाला फासलेलं काळंही त्याला दिसलं असेल का? हे मनात आलं की अजून अंगावर काटा येतो.

एवढंच करा माझ्यासाठी. आज देवापुढे दिवा लावाल, तेव्हा देवरामची आठवण काढा. चांगला माणूस होता म्हणा.