सातव्या वाफ्यात अपाचा चहा

शिशाचा कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली, पण आमच्या कारा-डोबोच्या मातीला ते कुणी कळवलं नव्हतं. कळवलं ते माझ्या सूर्यफुलांनी. मुळांनी शिसं ओढायचं, शरदात झाडं कापून बंद भट्टीत जाळायची, राख पिंपात. किलोभर मातीत चौदाशे मिलिग्रॅम शिसं होतं. तिसऱ्या वर्षी तीनशेवर आलं. बिश्केकहून शास्त्रज्ञ बघायला आले, तेव्हा मी मुद्दाम नवा रुमाल बांधला होता.

फक्त माझ्या आईचं, सायराश अपाचं शिसं उतरत नव्हतं. तीस वर्षं तिनं त्या कारखान्यात काम केलेलं. हात इतके थरथरत, की चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरावा लागे. डॉक्टर म्हणाले, "हाडात बसलेलं आता निघत नाही."

बुटांशिवाय शेतात पाय ठेवायचा नाही, हा नियम फळ्यावर मीच लिहिलेला. पण अपा दुपारी सातव्या वाफ्याच्या मधोमध लोकरीचा नमदा पसरून चहा घ्यायची.

"बूट घालून नमद्यावर बसू? मला काय लांडग्यांनी वाढवलंय?"

बूट बाजूला, उघडी पावलं मातीत.

"सायराश एजे, स्वतःलाच पेरून घेतेस का?" शेजारचा तिंचतिक कुंपणावरून ओरडायचा; तो तिला एजे, म्हणजे ताई म्हणे.

"तुझ्या जिभेपेक्षा कमी विषारी आहे ही माती. गप!"

ऑगस्टात बाकीच्या वाफ्यांतली फुलं पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. सातव्यातली चारही बाजूंनी नमद्याकडे वळलेली. वारा असेल, म्हटलं. चारही बाजूंनी वारा येत नाही, हे मलाही कळत होतं.

मग एके दुपारी अपानं मला एका हातानं वाडगा दिला. चहा हललासुद्धा नाही.

"बघतेस काय? पी."

त्या दिवशी मी गावभर सांगत फिरले. तिच्या पायाच्या बोटांत गुंतलेली पांढरी तंतुमुळं तेवढी सांगितली नाहीत. तान्ह्याच्या मुठीतून बोट सोडवावं, तशी ती हळूच सोडवायची. "सोड गं, उद्या येते."

शरदात सातव्या वाफ्याची राख तपासली. मातीत कधी नव्हतंच इतकं शिसं तिच्यात निघालं. तीनदा तपासलं, तेवढंच. मी घाबरले नाही. असा आकडा बिश्केकवाल्यांनाही कधी मिळाला नव्हता! आता अपाच्या रक्ततपासणीचा कागद हवा होता. नर्सनं रक्त काढलं. "फिकटच आलंय," ती म्हणाली, "वय झालं."

आठवड्यानं जिल्ह्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला.

"शिसं शून्य."

मी आनंदानं ओरडलेच. ते हसले नाहीत.

"रक्तात लोहही शून्य. कणभरसुद्धा नाही." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "बाई कधी वारल्या?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात पहिला बर्फ पडला होता. अपा आणि तिंचतिक नेहमीसारखे भांडत, हसत उभे होते.

त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

तिच्या नाही.