मृदुक

'कडेकपारी' या गटात गेली सहा वर्षं कुणी कुणाला दुखावलं नव्हतं.

गट होता केतकी भांगरेच्या चाहत्यांचा. केतकी अकोले तालुक्यातली, सह्याद्रीतले सुळके चढणारी. तिची प्रत्येक चढाई ड्रोनवरून थेट दिसायची आणि हजारो माणसं आपापल्या घरात बसून ती श्वास रोखून बघायची. निम्मा सुळका चढून झाला की केतकी एखाद्या कपारीत टेकायची, मनगटावरच्या पडद्यावर चाहत्यांचे निरोप वाचायची आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. लोक त्या क्षणाची वाट बघत असत.

गट चालवायच्या नाशिकच्या हेमांगी ओक. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी गटासाठी नियम लिहिले होते. विषयाला धरून लिहा. कुणाच्या दिसण्यावर, जातीवर, घरच्यांवर जाऊ नका. रागात लिहिलं असेल तर लगेच पाठवू नका, चहा पिऊन या आणि पुन्हा वाचा. चूक दाखवायची तर चुकीबद्दल बोला, माणसाबद्दल नको. हे नियम पाळून घेता घेता हेमांगीताई मेटाकुटीला यायच्या. केतकी एकदा घसरली तेव्हा गटात असं काही लिहिलं गेलं की ती चार महिने कुणाशी बोलली नव्हती.

मग मृदुक आलं आणि नियमांची गरजच उरली नाही.

मृदुक म्हणजे शब्द मऊ करणारी प्रणाली. तुम्ही निरोप लिहिलात की तो वाचणाऱ्यापर्यंत जाताना मृदुकातून जायचा. प्रत्येक सभासदाच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाडीचे ठोके मोजायचं. कुठल्या शब्दाने कुणाच्या छातीत धस्स होतं, हे मृदुकाला त्यावरून ठाऊक झालेलं असायचं. तो शब्द काढून ते दुसरा घालायचं, वाक्य जरा वळवायचं आणि निरोप त्या माणसाला सोसेल असा करून पोचवायचं. एकच निरोप हजार जणांना हजार तऱ्हांनी वाचायला मिळे. लिहिणाऱ्याला मात्र आपला निरोप लिहिला तसाच दिसे.

माघातल्या एका सकाळी केतकी भालदार सुळक्यावर चढत होती. पहिला टप्पा तिने सहज पार केला. हेमांगीताई घरात पडद्यासमोर बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"ओकबाई का? मी विश्राम गभाले. तुमच्या गटात आहे."

नाव ओळखीचं होतं. हा जुना गिर्यारोहक फार गोड लिहायचा. "बोला ना, विश्रामभाऊ."

"काय बोला? चार दिवस बोंबलतोय मी! आणि तुम्ही लोक खाली फुलं काय चिकटवताय? त्या पोरीला मारायचंय का तुम्हाला?"

इतक्या चढ्या आवाजात हेमांगीताईंशी कितीतरी वर्षांत कुणी बोललं नव्हतं. त्यांनी विश्रामचा निरोप पुन्हा उघडला. 'भालदारचा वरचा टप्पा आठवला की आजही हात शिवशिवतात. केतकी, जपून. खूप शुभेच्छा!' त्याखाली त्यांनी स्वतःच एक फूल ठेवलेलं होतं.

"तुम्ही काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं होतं, भालदारवर जाऊ नको. कपारीच्या वरचा कातळाचा पापुद्रा सुटलाय. मी महिन्यापूर्वी चढलो तेव्हा हाताने हलवून बघितलाय, पोकळ वाजतो. त्याला लटकलीस की त्याच्यासकट खाली येशील."

पडद्यावर केतकी कपारीच्या दिशेने सरकत होती.

दरीत मोबाइलला रेंज नव्हती. खाली दोर सांभाळणाऱ्या मुलांशीही संपर्क होत नव्हता. तो ड्रोन एवढाच दुवा, आणि ड्रोनवर जाणारा प्रत्येक शब्द मृदुकातून जाणार. हेमांगीताईंनी घाईघाईने लिहिलं, 'केतकी, वर जाऊ नकोस. कपारीवरचा कातळ सुटलाय. खाली उतर.'

केतकी कपारीत टेकली, मनगटाकडे बघून हसली. कॉलरवरच्या माइकमधून तिचा धापा टाकणारा आवाज आला. "थँक्यू ताई! हो, विश्रांती घेतेय. कातळ मस्त आहे आज."

हेमांगीताईंनी पुन्हा लिहिलं, जास्त ठामपणे. केतकीने अंगठा दाखवला. मग त्यांनी मनात येईल ते लिहायला सुरुवात केली. 'ऐकू येत नाही का तुला?' 'मूर्ख मुली, मरशील!' 'तुझ्या हट्टापायी आईला रडायला लावणार आहेस!' शब्द जितका कठोर, तितकं केतकीचं हसू मोकळं होत गेलं.

त्यांनी डॉ. तौफिक शिकलगारांना फोन लावला. मृदुक त्यांनी घडवलं होतं.

"डॉक्टर, तुमच्या यंत्राला साधी धोक्याची सूचना कळत नाही?"

शिकलगारांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, मृदुकाला अर्थ कळत नाही. ते ठोके मोजतं. शिवी ऐकली की छाती धडधडते, आणि 'साप!' असं ऐकलं तरी धडधडते. शरीराच्या लेखी घाव आणि धोका एकच. आम्ही धडधड थांबवायला सांगितली, त्याने दोन्ही थांबवलं."

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला एकही धोका कळवला गेला नाही?"

"कुणाची तक्रार आली नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "आणि तक्रार आली असती, तरी ती माझ्यापर्यंत कशी पोचली असती?"

केतकी पाणी पिऊन बाटली अडकवत होती.

"बंद करा ते. आत्ताच्या आत्ता."

"एका निरोपापुरतं बंद होत नाही. सगळ्यांचं होईल, आणि आज लिहिलेलं सगळं मूळ रूपात दिसेल. ताई, विचार करा. काहीही लिहिलं तरी समोर गोडच पोचतं, हे लोकांना सहा वर्षं माहीत आहे. लोक काय लिहितात, ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

"बंद करा!"

शिकलगारांनी मृदुक बंद केलं.

हेमांगीताईंच्या पडद्यावरची अक्षरं हलली आणि सकाळपासूनच्या निरोपांनी आपापलं खरं रूप घेतलं. 'आज तरी आपट एकदाची.' 'नाटकी आहे कार्टी.' 'मर ना, काय चढतेस!' हे शेवटचं कदाचित कौतुकाने लिहिलेलं असेल, आता ते सांगता येण्यासारखं नव्हतं. एरवी सुभाषितं पाठवणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने केतकीच्या अंगाबद्दल जे लिहिलं होतं, ते त्यांना पुरतं वाचवेना. पानंच्या पानं तशीच होती. 'मरशील' आणि 'मर' एकाखाली एक पडले होते. त्यांतला कुठला शब्द काळजीचा, हे कुणी ओळखावं?

केतकी मनगटाकडे बघत होती. ड्रोन जवळ गेला तसा तिचा चेहरा पडदाभर झाला. त्यावर राग नव्हता. भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी, तशी ती दिसत होती.

"हेमांगीताई," ती हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

तेव्हा हेमांगीताईंच्या लक्षात आलं की मृदुकाला भेदण्यासाठी आपण जे जे लिहिलं, ते सगळं आता तिच्यासमोर आहे. मूर्ख मुली. मरशील. आईला रडायला लावणार आहेस. सौम्य आणि खरं, दोन्ही असलेलं एक वाक्य हवं होतं, आणि ते त्यांना सापडेना. ज्या बाईने गटासाठी नियम लिहिले, तिची ती सवयच मोडली होती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'बाळा, माझ्यावर विश्वास ठेव. वरचा कातळ सुटलाय. खाली ये.'

केतकीने ते वाचलं. "इतकी वर्षं हेच लिहीत होता तुम्ही सगळे," ती म्हणाली. "मी पडावं म्हणून बसलाय ना बघत? बसा."

तिने मनगटावरचा पडदा काढून कपारीत ठेवला, वर हात घातला आणि पापुद्रा धरला.

आवाज फारसा झाला नाही. कातळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला. दोराने तिला खालच्या खिळ्यावर धरलं, पण त्याआधी ती कड्यावर दोनदा आपटली होती.

केतकी वाचली. खुबा आणि उजवी टाच मोडली. चालता येईल, चढता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या महिन्यात गटाने मतदान घेतलं आणि जवळजवळ एकमताने मृदुक पुन्हा सुरू झालं. लोक म्हणाले, त्या दिवशी जे वाचावं लागलं ते पुन्हा नको. विश्राम गभाले गट सोडून गेला. त्याने जाताना काय लिहिलं कोण जाणे. हेमांगीताईंना ते 'सर्वांचा ऋणी आहे' असं वाचायला मिळालं.

केतकीला भेटायला जायचं धैर्य त्यांना बऱ्याच दिवसांनी झालं. ती नाशिकच्या रुग्णालयात खिडकीशी उशांना टेकून बसली होती. त्यांना पाहताच तिचा हात पांघरुणाखाली आवळला गेला, हे त्यांनी पाहिलं.

"केतकी, मला तुझ्याशी..."

"थांबा ताई, एक मिनिट." तिने उशाशी ठेवलेली छोटी डबी उघडली. आत कानात घालायची दोन बोंडं होती. "शिकलगार सरांनी पाठवलीत. नवीन आहेत. बोललेलं ऐकायलासुद्धा आता मृदुक आहे. तुम्ही बोला तसं बोला, मला सोसेल तसं ऐकू येतं."

"अगं, पण मला जे सांगायचंय ते..."

"याच्याशिवाय मला जमत नाही हो," केतकी अजिजीने म्हणाली. "आईशीसुद्धा नाही जमत."

तिने बोंडं कानात बसवली आणि मान हलवली.

हेमांगीताई खुर्ची ओढून बसल्या. आपल्या हातून काय घडलं, कातळाबद्दल विश्राम खरं सांगत होता, त्या निरोपांमागे आपला जीव कसा तुटत होता, हे सगळं त्या बोलत गेल्या. बोलता बोलता त्यांना रडू आलं.

केतकीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. हात पुढे करून तिने त्यांचा हात हातात घेतला.

"किती छान बोलता हो तुम्ही, ताई," ती म्हणाली.

तिने काय ऐकलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. हेमांगीताईंनी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.