हळदीवरचा चेहरा

आकाशातून एक दगड पडला आणि खड्ड्यात तळं राहिलं.

अकोल्याच्या मुलाला कुत्र्यांची भीती वाटते.

झेरॉक्सवाल्यानं पारदर्शक कागद उजेडाला धरून विचारलं, "भाऊ, ह्या बाई कोण हायेत?"

माकडांना काचेचं भारी वेड.

आणि हळद... हळदीचं नंतर.

*

लोणारच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून सुचिताला चार महिने झाले, तरी तळं तिनं वरूनच पाहिलेलं. एका रविवारी ती झाडीतून उतरत खाली गेली. काठावर एक तरुण दगडांवर पिवळेधमक कागद मांडून त्यांवर काचा ठेवत होता.

"पापड वाळू घालून राह्यले का?"

"फोटो काढून राह्यलो."

"कॅमेरा कुठं हाय?"

त्यानं बोटानं सूर्य दाखवला.

"अन् बटन?"

"ते संध्याकाळी दाबतो. थांबता?"

तो शेगावचा हर्षल. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि उरलेल्या वेळात हे. कागदाला स्पिरिटमध्ये कालवलेली हळद फासायची, वर एखादं पान ठेवायचं, दिवसभर ऊन द्यायचं. उघड्यावरची हळद उडते, पानाखालची राहते.

सुचिता थांबली. ऊन कलल्यावर त्यानं कागद तळ्याच्या पाण्यात बुडवला आणि पिवळं पान बघता बघता लाल झालं... ओल्या कुंकवासारखं, शिरांसकट.

"आम्लारीधर्मी पाणी," ती म्हणाली. पण म्हणताना ती उकिडवी बसली होती आणि तिची ओढणी तळ्यात भिजत होती.

"हे पक्कं कसं करता?"

"नाही होत. उजेडात ठेवलं का उडते महिन्याभरात. माह्यं काहीच टिकत नाही, मॅडम."

"मॅडम नका म्हणू. शाळेतले पोट्टे म्हणतात तेवढं पुरे."

*

पुढच्या रविवारी तिनं तुरटी आणली. रंग पक्का झाला नाही.

त्यापुढचा रविवार इथं गाळला आहे, कारण दोघांनी दिवसभर फक्त माकडं हाकलली. अर्थात, हसून हसून दोघांचंही पोट दुखलं, एवढं नोंदवायला हवं.

मग हर्षल म्हणाला, "माणसाचा चेहरा करून पाहू म्हणतो. पानं करून करून कटाळलो."

"पानं संपली म्हणून मी?"

"तसं नाही..." तो काचा पुसत राहिला. पुसलेल्याच काचा.

तिनं फोनमधला स्वतःचा एक फोटो दिला. त्यानं तो पारदर्शक कागदावर छापून आणला. पहिल्यांदा ढग आले. दुसऱ्यांदा काच फुटली. तिसऱ्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं, आणि संध्याकाळी पाण्यातून सुचिता वर आली... लाल भुवया, लाल ओठ, कपाळावरची चुकार बट.

तो कागदाकडे पाहत होता. ती त्याच्याकडे.

"काल मोताळ्याले घरी गेली होती," ती म्हणाली. "अकोल्याचे पाहुणे आले होते. मुलगा बँकेत हाय. बाबाले आज उत्तर पाहिजे."

हर्षल कागदाचं पाणी निथळवत राहिला. "चांगलं हाय... बँकेचं काम पक्कं असते."

"बस?"

"मी काय बोलू? माह्या हातचं तं महिनाभर बी टिकत नाही."

पाणी प्यायला तिनं बाटली उघडली, ती कलंडली, आणि आतलं सगळं कागदावर. लाल ओसरू लागलं. आधी ओठ गेले. मग डोळे. मागं राहिला नुसता फिकट पिवळा डाग.

"काय केलं तू हे..." तो सदऱ्याच्या टोकानं कागद टिपू लागला. "काय होतं त्याच्यात?"

"लिंबूपाणी."

"एवढा एकच जमला होता. आता कुठून आणू मी? मले रोज हाच चेहरा पाहिजे, सुचिता... कागदावर नसला तरी चालते. पण तू... तू अकोल्याले नको जाऊ."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. कान लाल झाले, अगदी हळदीसारखे.

सुचितानं त्याच्या हातातून कागद अलगद काढून घेतला, तळ्यात बुडवला, हलवला. डोळे आले. ओठ आले. बटही आली.

"लिंबानं जाते, ह्या पाण्यानं येते. आठवीच्या पुस्तकात हाय. तुले कोणी शिकवलं नाही काऊन?"

"मी तवा मागच्या बाकावर चित्रं काढत होतो."

"दिसते ते." ती हसली. "महिन्याभरानं उडाला तं पुन्हा काढजो. ऊन कुठं पळून चाललं हाय? मीही नाही."

मग ओल्याच हातानं तिनं फोन लावला. "बाबा, अकोल्याले नाही म्हणून कळवा... हो, विचार करूनच सांगते. कारण? कारण घेऊनच येते रविवारी. तुम्ही पाहून घ्या."

कारण शेजारी उभं होतं. पुसलेल्याच काचा पुसत.

आदल्या दिवशी मोताळ्याला अकोल्याचा मुलगा कुत्र्याच्या भीतीनं पाय वर घेऊन पोहे खात होता, तेव्हा सुचितानं पोह्यांसाठी आणलेल्या लिंबांतलं एक उचलून पर्समध्ये टाकलं होतं.