चपला, पट्टे आणि गुडघा

"अगं ए, तुझ्या चपला!"

ती दचकून थांबली. फिजिक्सच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आठवड्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला आपणहून हाक मारली होती... आणि तीही चपलांवरून!

रोज ती दारं ठोठावत होती. "सर, मला संशोधनात काम करायचंय, पडेल ते करेन." आणि दरवेळी तेच – "पहिलं वर्ष ना? तिसऱ्या वर्षी ये." आज शेवटचं दारही झालं होतं. पाय भरून आले होते. आता घरी जाऊन आईला सांगायचं, नाही जमलं.

"काय केलं माझ्या चपलांनी?"

लॅबच्या दारात उभा असलेला तो तिसऱ्या वर्षाचा मुलगा तिच्याहूनही दमलेला दिसत होता. "तू इथून गेलीस की माझे पट्टे हलतात. येऊन बघ."

आत काळोख. एका जड टेबलावरून लेझरचा उजेड दोन वाटांनी फिरून पुन्हा एकत्र येत होता आणि भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटत होते. ते स्थिर राहिले तरच मोजता येणार. आठवडाभर ते काही स्थिर राहत नव्हते.

"जमिनीला हादरे बसतात तुझ्या चालण्यानं," तो म्हणाला.

"मी काय हत्ती आहे?" तिनं चपला काढल्या, बाहेर गेली आणि मांजरीसारखी दारावरून चालली.

"हलले!" आतून रडवेला आवाज.

ती परत आली, खाली वाकली... आणि हसूच फुटलं तिला. "अहो, तुमचा गुडघा! टेबलाच्या पायाला टेकलाय आणि थडथड उडतोय!"

त्यानं स्टूल मागे ओढलं. ती चपला घालून बाहेर मुद्दाम धाडधाड नाचली. पट्टे? जागचे हलले नाहीत!

"पण मी दारावरून गेले की तुमचा गुडघा का उडतो?"

"ते..." त्याचे कान लाल झाले. "रोज वाटायचं, आज तरी तू हे दार ठोठावशील."

"गुडघा कुणी शोधला?"

दारात मॅडम! याच लॅबच्या. पहिल्याच दिवशी जिन्यात 'तिसऱ्या वर्षी ये' म्हणाल्या होत्या त्या.

"मी... पण मी पहिल्या वर्षाची आहे."

"वर्ष विचारलं का मी? उद्यापासून ये."

मॅडम गेल्या. ती टेबलाजवळच्या दुसऱ्या स्टुलावर मटकन बसली. इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला, डोळे भरून आले.

"खूप दमलीस?" त्यानं हळूच विचारलं.

"खूप... आणि तू?"

तू! तोंडातून निसटलंच. त्याचा गुडघा टेबलापासून चांगला लांब होता, तरी भिंतीवरचे पट्टे थरथरायला लागले...

या वेळी टेबलाला तिचं कोपर टेकलं होतं.