मोज्यांतला हीट पंपवाला

बाहेर पावसाची भुरभुर, आणि दारात उभा हीट पंपवाला, घर गरम करायची यंत्रं विकणारा. विभावरी फोनवर पुण्याला आईशी बोलत होती, "थांब गं, आला आणखी एक, मोठं यंत्र गळ्यात मारायला."

"लहानही चालेल," तो शांतपणे मराठीत म्हणाला.

शरमेनं अर्धी झाली बिचारी! खरं तर यायचा होता दुसराच कुणी. तो आजारी पडला म्हणून कंपनीच्या पेनरोजच्या डेपोतून या रमणला पाठवलं होतं. मूळचा सांगलीचा, ऑकलंडला शिकायला आला नि इथलाच झाला.

विभावरीचा जीव टांगणीला लागला होता तो आईसाठी. गेल्या हिवाळ्यात सरलाबाई लेकीच्या नव्या घरी हौसेनं आल्या – नवं कसलं, जुनंपुराणं लाकडी घर ते – आणि गुडघे आखडून महिनाभरातच परतल्या. आता जूनमध्ये, इथल्या ऐन थंडीत, पुन्हा येणार होत्या. याही वेळी थंडीनं पळवलं, तर पुन्हा यायचं नाव काढणार नव्हत्या. आणि आईशिवाय विभावरीला होतं कोण?

आधीचे दोघे पंपवाले बुटांसकट घरभर फिरले आणि सगळ्यात मोठा पंप सुचवून गेले. रमणनं मात्र सवयीनं दारातच बूट काढले, आईच्या गुडघ्यांचं सगळं ऐकून घेतलं. दोन पावलं टाकली, आणि थबकला.

"गारठा खालून येतोय... फळ्यांच्या फटींतून. आधी जमिनीखाली इन्सुलेशन घाला, ऊब धरून ठेवायला, मग लहान पंप पुरे. उन्हाळ्यात तोच घर गारही करेल."

"स्वतःचाच धंदा बुडवताय?"

"आई येणार आहेत ना..." म्हणत त्यानं नजर वळवली. मोज्याला भोक होतं, ते दुसऱ्या पायानं झाकू पाहत होता. तिला हसू आवरेना.

इन्सुलेशन झालं, लहान पंप बसला. मग रमण फिल्टर बघायला आला, रिमोट समजावायला आला, काहीच बिघडलेलं नसतानाही आला. विभावरीला कळत होतं हो सगळं! पण चहाचं आधण ठेवायचं काही तिनं थांबवलं नाही.

जूनमध्ये आई आल्या. महिना उलटला तरी परतायचा विषय नाही. एका सकाळी स्वेटर काढून ठेवत त्यांनी सहज सांगून टाकलं, की आता दिवाळीपर्यंत राहणार. विभावरीचे डोळे भरून आले. त्याच शनिवारी तिनं रमणला रात्री जेवायला बोलावलं.

जेवून तो निघाला, तशी ती पोर्चपर्यंत आली.

"तुमचे आभार कसे मानू..."

"कशाला? माझं कामच होतं ते."

"काम कधीच संपलं होतं. नंतर किती वेळा आलात?"

तो छत्री उघडू लागला.

"आभार तर जन्मभर मानीन," ती म्हणाली, "पण आभार मानून तुम्हाला परत पाठवायचं – ते नाही जमणार मला. आत या... आईशी बोलायचंय. आपल्याबद्दल."

रमणनं उघडलेली छत्री हळूच मिटली.

"सांगलीत आत्ता दुपार असेल," तो म्हणाला, "माझ्याही आईला लगेच फोन लावू?"