अर्ध्या वाटेवरचं गॅलवे

आईला मी फोनवर सांगत होते की इथे चाळीस माणसं आहेत, सगळी एकमेकांकडे बघून हसताहेत, आणि मला कोणाशी काय बोलावं तेच सुचत नाहीये. डब्लिनमधल्या एका जुन्या सरकारी इमारतीत, कोट अडकवायच्या खोलीत मी लपून उभी होते. बाहेर बारीक पाऊस होता आणि खोलीभर ओल्या लोकरीचा वास. आई मिरजेहून, फोनबाहेरही ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगं, नाव सांग आणि चहा पी. एवढं काय त्यात?"

मी फोन ठेवला, आणि कोटांच्या रांगेपलीकडून कोणीतरी मराठीत म्हणालं, "आईंचं बरोबर आहे. फक्त चहा फार पातळ आहे."

दोन ओव्हरकोट बाजूला सारून एक उंच, चष्मेवाला माणूस पुढे आला. माझ्यासारखाच तोही तिथे लपला होता. हातात माझ्यासारखंच कार्ड... आणि तेही कोरंच.

ही जानेवारी २०१६ची गोष्ट. मी आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आणि साहेबांनी माझं नाव सरकारी सेवेतल्या वरिष्ठांसाठीच्या एका वर्षभराच्या कार्यक्रमाला पाठवलं होतं. हॉस्पिटलं, कौन्सिलं, करखातं, तुरुंग, सगळीकडची माणसं एकत्र यायची, ओळखी वाढवायच्या, नेतृत्व शिकायचं. पहिल्याच सकाळी अट घातली होती की अकराच्या आत कार्डावर पाच अनोळखी माणसांची नावं लिहा, आणि प्रत्येकाला कामात कसली काळजी आहे तेही.

"तुमचं लिहू?" तो म्हणाला. "म्हणजे... हरकत नसेल तर."

"मृणालिनी."

"आणि काळजी?"

"ती नंतर सांगीन."

"म्हणजे नंतर भेटायचंय," असं म्हणत त्याने ते लिहूनही टाकलं.

त्याचं नाव शैलेंद्र. मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आयर्लंडला आला, मग एका सरकारी खात्यात शिरला, आणि आता लोकांच्या ऑनलाइन अर्जांचा विभाग सांभाळत होता. अकरा वाजता सगळ्यांची कार्डं गोळा झाली. एकच नाव लिहिलेली दोनच कार्डं निघाली. कार्यक्रम चालवणारी नोरीन साठीची, पांढऱ्या बॉबकटची, डोळ्यांत मिश्कील हसू असलेली बाई होती. तिने ती दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि वर्षभरासाठी आम्हाला एकमेकांच्या गळ्यात बांधलं. प्रत्येक जोडीने आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचं, एकमेकांच्या कामाच्या जागी एक दिवस घालवायचा, आणि जे दिसेल ते खरं खरं सांगायचं.

आमचा वार ठरला गुरुवार, जेवणाची सुट्टी. तो बागेतल्या बाकावरून फोन करायचा, मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. काचेवर पाऊस वाजत असायचा. सुरुवातीला आम्ही खरंच कामाबद्दल बोलायचो. मग ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, इकडच्या लोकांसारखं 'ठीक आहे' ऐवजी प्रत्येक गोष्टीला 'ग्रँड' म्हणायची सवय आपल्याला कधी लागली, असं काहीबाही. त्याचं एक लग्न मोडलं होतं. तो किस्सा त्याने इतका हसत सांगितला की मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर मला कसंतरीच झालं. मी त्याला सांगितलं की परीक्षा आणि बदल्या यांत माझी दहा वर्षं गेली, दर जुलैला नवं गाव, नवी खोली; लग्न करायचं राहूनच गेलं. तो म्हणाला, राहून गेलं म्हणजे झालं नाही एवढंच, संपलं असं नाही.

एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं की गुरुवारी मी कानातले घालून कामाला जाते. फोनवर बोलायला!

मे महिन्यात तो केरीला आला. दिवसभर माझ्यामागे वहीपेन्सिल घेऊन फिरला, आणि संध्याकाळी मी त्याला फेनिट बंदराच्या धक्क्यावर घेऊन गेले. सूर्य मावळायला अजून बराच अवकाश होता. वारा इतका की आम्हाला एकमेकांच्या जवळून चालावं लागत होतं... निदान मी तसं समजत होते.

"तुम्ही आज अकरा वेळा सॉरी म्हणालात," तो म्हणाला. "एकदाही चूक तुमची नव्हती. आणि मीटिंगमध्ये तुमचीच कल्पना दुसऱ्याने मांडली, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत."

मला राग यायला हवा होता. पण माझ्याकडे इतकं नीट कोणी बघितल्याला किती वर्षं झाली होती, तेच मी आठवत राहिले.

नोव्हेंबरमध्ये मी त्याच्या ऑफिसात गेले. त्याचा विभाग डब्लिनहून पार उत्तरेकडच्या लेटरकेनीला हलणार, अशी कुजबुज होती. अठरा माणसं टेबलाभोवती बसली होती आणि एकेक जण आडून विचारत होता. शैलेंद्र प्रत्येक प्रश्नावर एक विनोद करत होता. सगळे हसायचे, प्रश्न विरून जायचा. दाराशेजारी बसलेली एक बाई मात्र हसली नाही. घरी तिची म्हातारी आई होती, हे मला तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितलं.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी जे दिसलं ते बोलले. "तुम्ही लोकांना हसवता, म्हणजे कोणी काही विचारू नये. लग्नाचा किस्साही मला तसाच सांगितलात."

त्याचा चेहरा उतरला. तो गाडी सुटेपर्यंत थांबला, हातही हलवला. पुढचे तीन गुरुवार फोन आला नाही. मी गाडीत बसून डबा खायचे आणि काचेकडे बघायचे. मीही फोन केला नाही. माझं चुकलं असं वाटत नव्हतं, पण तो गेला असं वाटत होतं.

चौथ्या आठवड्यात शेवटचं सत्र होतं. जोडीदाराकडून काय मिळालं ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं होतं. शैलेंद्र उठला. मी विनोदाची वाट बघत होते, तो आला नाही. त्याने सांगितलं की त्याने आपल्या माणसांना सगळं स्पष्ट सांगून टाकलं. विभाग जाणार, हे नक्की. ज्यांना घर सोडता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने डब्लिनमध्येच दुसऱ्या खात्यांत जागा मिळवल्या, आणि त्या याच खोलीत झालेल्या ओळखींमधून मिळाल्या. उरलेल्या अकरा जणांनी विचारलं, तुम्ही येणार का? तो हो म्हणाला. घडी बसेपर्यंत, निदान दोन वर्षं.

"मला हे मृणालिनीने दाखवलं," तो म्हणाला. "मी तीन आठवडे रागावलो होतो. पहिला आठवडा तिच्यावर, बाकीचे दोन स्वतःवर."

लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर नकाशा होता. लेटरकेनी वर, उत्तरेच्या टोकाला. केरी खाली, पार नैर्ऋत्येला. त्याला तिकडे मीच पाठवलं होतं, माझ्या तोंडाने. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगू शकले की विभागप्रमुखाच्या जागेसाठी मी अर्ज केलाय, आणि गेल्या मीटिंगमध्ये 'ही कल्पना माझी आहे' असं म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर पाऊस होता. तो माझ्या मागून आला.

"सहा तासांचा रस्ता आहे," मी म्हणाले.

"साडेपाच. मी बघून ठेवलंय."

"का?"

चष्म्यावर थेंब साचत होते, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "कारण दर आठवड्याला तू मला समोर हवी आहेस," तो म्हणाला. "फोनमध्ये नाही."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला होता.

"मलाही," मी म्हणाले, आणि त्याचा चष्मा काढून माझ्या ओढणीने पुसला. त्या दिवशी मला तेवढंच धाडस झालं.

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही दर आठवड्याला अर्ध्या वाटेवर, गॅलवेला भेटलो. तो वरून यायचा, मी खालून. मी टार्बर्टला गाडीसकट बोटीवर चढायचे, शॅनन नदीचं रुंद पात्र ओलांडायचे, आणि पलीकडच्या क्लेअर परगण्यातून वर जाताना मनातल्या मनात आठवडाभराचं सांगायचं रचत जायचे. मी विभागप्रमुख झाले ते त्याला तिथेच सांगितलं. त्याच्या अकरा जणांपैकी एकीने लेटरकेनीत घर घेतलं, ते त्याने तिथेच सांगितलं. बंदराजवळच्या एका कॅफेत आम्ही खिडकीशी बसायचो. निघायची वेळ झाली की दोघंही आणखी एक चहा मागवायचो, आणि तो प्यायचो नाही.

२०१८च्या शेवटी विभागाची घडी बसली, त्याला बदली मिळाली, तो केरीला आला. पुढच्या वसंतात आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदार म्हणून नोरीनने सही केली. आई मिरजेहून आली होती. तिने नोरीनला आल्याचा चहा पाजला आणि मराठीतच सगळं समजावून सांगितलं.

आता आम्ही एका घरात राहतो. वरणात साखर घालावी की नाही यावर वाद घालतो. गुरुवारची जेवणाची सुट्टी कधी येते, कधी जाते, कळतही नाही. सुखात आहोत. तरी कधी गाडी चालवताना काचेवर पाऊस वाजायला लागला की मला ती दोन वर्षं आठवतात. एवढा रस्ता कापून कोणीतरी आपल्याकडे येतंय, हे माहीत असतानाचं ते गाडी चालवणं... ते आता कुठे?

परवा रविवारी भाजी चिरता चिरता मी हे त्याला बोलून दाखवलं. तो हसला नाही. सुरी माझ्या हातातून घेऊन ठेवली आणि म्हणाला, "मी बसने पुढे गॅलवेला जातो. तू दोन तासांनी गाडीने ये."

आणि खरंच कोट घालून निघून गेला.

मी कानातले घातले. दोन तास कसेबसे काढले. मग बोटीच्या रांगेत गाडी लावली, पलीकडचा क्लेअरचा किनारा बघत बसले, आणि त्याला काय काय सांगायचं ते मनात रचायला लागले.