शेवटच्या रांगेतला हात

संयोगिताबाईंच्या शिकवणीत माइक नव्हता. बैठकीतल्या गवयानं डोळे मिटून स्वतःपुरतं गायलं तरी त्याला कोण विचारतंय. नाटकात गाणाऱ्याला मात्र तिकीट काढून बसलेल्या शेवटच्या माणसाला गोष्ट सांगायची असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जबडा सैल, श्वास बरगड्यांच्या बाजूंना, आणि ओळीचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. मंगळवार पेठेतल्या एका छोट्या नाट्यगृहात, दुपारी तीन ते पाच, गेली पंचवीस वर्षं त्या हेच सांगत होत्या.

बाई रंगमंचाच्या पायाशी ऑर्गनवर बसायच्या, तोंड गाणाऱ्याकडे आणि पाठ खुर्च्यांकडे. समोरच्याचा गळा, जबडा, पोट बघितल्याशिवाय शिकवता येत नाही. मग आवाज मागं पोचला की नाही हे सांगायचं काम निवृत्त नवऱ्याकडं. विजयसिंहराव उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले होते आणि निम्मे कान तिथंच ठेवून आले होते. शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीत ते बसायचे, पोरांचे काका. शब्द स्पष्ट ऐकू आला की उजवा हात वर. नाही आला तर हात मांडीवर, आणि ओळ पुन्हा.

"यांना ऐकू गेलं म्हणजे रंकाळ्यापर्यंत गेलं," बाई म्हणायच्या. पोरं हसायची, आणि काय चाललंय ते न कळता विजयसिंहरावही हसायचे. तिथल्या खुर्च्यांची बैठक माणूस उठला की स्प्रिंगनं खट् करून मिटते. मागून खट् झालं की बाईंना न बघता कळायचं, हे चहाला निघाले.

श्रावणातल्या एका मंगळवारी मुरगूडची अनुजा स्पर्धेच्या नाटकातलं पद म्हणत होती. 'परतुनि ये सखया, दिवा अजुनि जळे.'

"हात न्हाय, बाई."

"'जळे' गिळलंस. पुन्हा."

असं अकरा वेळा झालं. पोरीचा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता, बाईंच्या कानाला ते कळत होतं. पण हात नाही म्हणजे पुन्हा. रंगमंचावरच्या दिव्यांमुळं अनुजाला मागं नुसती आकृती दिसत होती, चेहरा नाही. अकराव्यांदा बाई चिडून मागं वळल्या.

"अहो, झोप लागली का?"

मान छातीवर होती. दोन्ही हात मांडीवर.

"पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर," एवढंच दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुढचं बोलायला हवं होतं, असं बाईंना फक्त वाटून गेलं.

रडू आलं नाही. तेरावं झालं, पावणंरावळं गेलं. चहाला चव नव्हती. तव्याला बोट चिकटलं ते फोड आल्यावर कळलं. नणंद म्हणाली, रड गं बाई एकदा. बाईंनी प्रयत्न करून बघितला, आणि मग भांडी घासायला घेतली. आत सगळं बधिर होतं, एका प्रश्नाशिवाय. अकरांतल्या कितव्या ओळीपर्यंत ते होते? पहिलीच्या आधीच गेले असतील, तर कुणाचाच इलाज नव्हता. नसतील, तर ते ऐकत बसले होते, हात उचलत नव्हता, आणि बायको पाठ करून ऑर्गन वाजवत होती.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला. गडहिंग्लजकडचा शिवशरण नवीन होता; हाताची खूण त्याला पोरांनी सांगितली होती, श्रावणातलं मात्र काहीच माहीत नव्हतं. चार ओळी म्हणून तो थांबला आणि खूश होऊन हसला.

"काय झालं?"

"पोचलं की, बाई. ते मागं पावणं बसल्यात न्हवं? त्यांनी हात वर केला."

बाई वळल्या. मागं कुणी नव्हतं. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या, शेवटच्या रांगेतली कडेची तेवढी उघडी होती.

"स्प्रिंग गेली आसंल," नाट्यगृहाचा रखवालदार जोतीराम म्हणाला. त्यानं बैठक हातानं दाबून सोडली. ती खट् करून मिटली. स्प्रिंग चांगली होती.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता खुर्ची उघडी होती. तिसऱ्या दिवशीही. जोतीराम सकाळी झाडताना मिटवून जायचा, मग त्यानं ती रांग झाडायचंच सोडलं. बाई वळून बघायच्या तेव्हा कुणी नसायचं; जो वर उभा राहून गात असेल त्यालाच हात दिसायचा. शिवशरण म्हणायचा, पावणं रोज येत्यात, लई आवड दिसत्या. अनुजा आता डोळे जमिनीला लावून गायची आणि ते एक पद टाळायची. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती.

शुक्रवारी बाईंनी बाकीच्यांना लवकर घरी पाठवलं.

"अनुजा, वर बघून गा. कोण दिसतं तुला?"

"काका," अनुजा म्हणाली. "पयल्या दिवसापासनं."

"त्या दिवशीची ओळ म्हण. तशीच, अकरा वेळा. आज मी चूक काढणार नाही. ज्या ओळीपर्यंत ते होते, तिथवर हात वर होईल. झाला तर हाय म्हण, नाही झाला तर न्हाय."

"मला भ्या वाटतंय, बाई."

"मलाही वाटतंय," बाई म्हणाल्या. श्रावणापासून त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं. त्यांनी ऑर्गनवर सूर धरला आणि अनुजाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

'परतुनि ये सखया, दिवा अजुनि जळे.'

"हाय."

बाईंनी मान हलवली. पहिल्या वेळी होते तर.

दुसऱ्यांदा. "हाय."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. अनुजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जबडा सैल होता आणि एकही अक्षर गिळलं जात नव्हतं.

"हाय."

आता थांबावं, असं बाईंना सहाव्या वेळी वाटलं. बोटं थांबली नाहीत.

सातव्यांदा. आठव्यांदा.

नवव्यांदा. "हाय, बाई. दमल्यागत वाटत्यात."

दहाव्यांदा अनुजानं डोळे बारीक केले.

"हाय. थोडाच उचललाय, पर हाय."

अकरावी ओळ संपली. 'जळे' शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन विरलं.

"न्हाय," अनुजा म्हणाली. "मांडीवर हाय हात."

दहा वेळा. दहातल्या कुठल्याही एका वेळी मान वळवायची होती, बस.

हात नाही म्हणजे ओळ पुन्हा, हे अनुजाच्या अंगवळणी पडलेलं. डोळे पुसत तिनं विचारलं, "पुन्हा म्हणू, बाई?"

बाई ऑर्गनवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या, पाठ खुर्च्यांकडे.

मागं, शेवटच्या रांगेत, खट् झालं.